तान्ह्या बाळाची वेदना

बाळाचे कान टोचण्याचा दिवस उजाडला, कीं घरांत हौस आणि धाकधूक एकदमच नांदू लागतात. सोनार तार सरळ करीत असतो, आजी खुळखुळा वाजवीत असते आणि आईनें मात्र तोंड फिरविलेलें असतें. ही रीत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत सोळाव्या अध्यायांत कर्णवेधाचा विधि आला आहे. सहाव्या किंवा सातव्या महिन्यांत बाळाला दाईच्या मांडीवर बसवावें, खेळणीं देऊन रमवावें, गोंजारावें. सूर्यकिरण पाळीच्या ज्या नैसर्गिक रंध्रांतून झळकेल तेथेंच हलक्या हातानें सरळ वेध घ्यावा. पाळी पातळ असल्यास सुई, जाड असल्यास आरी वापरावी. बाळाला दुखतें, हें येथें गृहीतच धरलेलें दिसतें.

आश्चर्य असें, कीं अर्वाचीन वैद्यकाला याच गोष्टीविषयीं दीर्घकाळ संशय होता. 1941 सालीं मर्टल मॅक्ग्रॉ या अमेरिकन विदुषीनें तान्ह्या बालकांना टांचणी टोचून त्यांच्या प्रतिक्रियांचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. अगदीं नवजात बालकांपैकीं कांहींची प्रतिक्रिया मंद आढळली. अशा निरीक्षणांवरून मेंदूची वाढ अपुरी असल्यानें बाळाला वेदनेची खरी जाणीव नसते, असा समज दृढ झाला. शिवाय इवल्या जिवाला भूल सोसेल कीं नाहीं, ही रास्त भीति होतीच. परिणामीं 1980 नंतरच्या कांहीं वर्षांपर्यंत पाश्चात्त्य रुग्णालयांत अनेक नवजात बालकांवर स्नायू निश्चल करणारें औषध व अत्यल्प भूल एवढ्यावरच शस्त्रक्रिया होत. निश्चल झालेलें बाळ रडूंहि शकत नसे.

हा समज ढासळला तो 1987 सालीं. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद व त्यांचे सहकारी यांनीं अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा अभ्यास केला. शस्त्रक्रियेच्या वेळीं ज्यांना फेंटानिल हें वेदनाशामकहि दिलें, त्यांच्या रक्तांतील ताणाचीं लक्षणें कमी आढळलीं व मागाहून होणारे उपद्रवहि कमी झाले. वेदना शमविणें ही केवळ दया नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे, हें सिद्ध झालें.

पुढें लक्ष किरकोळ टोचण्याकडे वळलें. 1991 सालीं ब्लास व हॉफमायर यांना दिसून आलें, कीं टांचेंतून रक्त काढण्यापूर्वीं 12 टक्के साखरेचें 2 मिलिलिटर पाणी पाजलेलीं बाळें नुसतें पाणी पाजलेल्यांपेक्षां निम्मेंच रडतात. 2000 सालीं बोस्टन येथील प्रयोगांत आईच्या उघड्या छातीशीं धरलेल्या बाळांचें रडणें 82 टक्क्यांनीं घटलें. 2015 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें लस टोचतांना बाळाला कुशींत धरावें, शक्य तर त्याच वेळीं अंगावर पाजावें, आणि अधिक दुखणारी लस शेवटीं टोचावी, असा सल्ला दिला.

साखरेचें पाणी डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच द्यावें. वर्षाच्या आंतील बाळाला मध तर मुळींच चाटवूं नये. मांडीला मात्र असा कोणताहि निर्बंध नाहीं. लस टोचण्याच्या वेळीं बाळाला टेबलावर दाबून धरण्यापेक्षां आपल्या कुशींत घेण्याची परवानगी आईनें निःसंकोच मागावी. बाळाला बोलतां येत नाहीं. त्याच्या वतीनें एवढें बोलणें तिच्याच हातीं आहे.