रोहिणखेडची लढाई : सत्ता बदलली, पण विचारलं कुणाला?

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलता बोलता जे आलं तेच थोडं नीट करून टाकलंय.

सुरुवात एका बातमीने करतो. पश्चिम आफ्रिकेत गिनी नावाचा देश आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे कर्नल मामादी डुम्बुया यांनी राष्ट्राध्यक्षांना हटवून सत्ता घेतली. तेव्हा नियम केला होता, की मधल्या काळात सरकार चालवणारे लोक पुढच्या निवडणुकीला उभे राहणार नाहीत. मग सप्टेंबर २०२५ मध्ये नवी राज्यघटना आली. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, डुम्बुया स्वतः उभे राहिले आणि ८६ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन जिंकले.

मला प्रश्न पडला, की ज्याच्या हातात आधीच बंदूक आहे, त्याला आणखी मतं कशाला हवीत?

याचं उत्तर शोधताना मी येऊन पोचलो थेट माझ्या गावात, रोहिणखेडला. बुलढाण्याहून घाट उतरून खाली आलं की मोताळा तालुका लागतो. तिथे डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. शाळेत पानिपतच्या तिन्ही लढायांच्या सनावळ्या पाठ केल्या, पण आमच्याच शिवारात अहमदनगरच्या गादीचा निकाल लागला होता हे इंजिनिअर झाल्यावर कळलं.

तर चला, १५८८ सालात. अहमदनगरला निजामशाही. वऱ्हाडही त्यांचंच, कारण मुर्तजा निजामशहाने १५७४ मध्ये ते जिंकून घेतलं होतं. या मुर्तजाला त्याच्या पोटच्या पोराने, मीरान हुसेनने, हमामखान्यात कोंडून मारलं आणि स्वतः गादीवर बसला. जेमतेम दहा महिने. मग त्याचाच वजीर मिर्झा खान त्याच्यावर उलटला.

आता गंमत बघा. मिर्झा खानाकडे सत्ता होती, पण तो स्वतः गादीवर बसू शकत नव्हता, कारण तो त्या घराण्यातला नव्हता. मग त्याने लोहगडावर कैदेत असलेला घराण्यातला एक पोरगा आणून गादीवर बसवला. नाव इस्माईल. म्हणजे सत्ता कुणाची, शिक्का कुणाचा!

याविरुद्ध दख्खनी आणि हबशी सरदार चिडले. त्यांचा पुढारी जमाल खान. लोक किल्ल्यापुढे जमले आणि आमचा सुलतान दाखवा म्हणाले. मिर्झा खानाला वाटलं, सुलतान मेलेला दिसला की गर्दी पांगेल. त्याने मीरान हुसेनचं मुंडकं तटावरून दाखवलं. झालं उलटंच. लोकांनी किल्ल्याचा दरवाजा जाळला, आत घुसले, आणि शहरात परदेशी म्हणजे इराण-तुराणकडून आलेल्या लोकांची कत्तल झाली. मिर्झा खानही मारला गेला.

पण नवा कारभारी जमाल खान, त्याने काय केलं? त्याने इस्माईलला तसाच गादीवर ठेवला. शिक्का तोच, फक्त शिक्का मारणारा हात बदलला. जमाल खान महदवी पंथाचा होता, त्यामुळे दरबाराचा धर्मही त्याच्या पंथाप्रमाणे बदलला. आमच्या गावातली जुनी दगडी मशीद १५८२ मध्ये खुदावंद खान महदवी याने बांधलेली. म्हणजे हा पंथ आमच्या गावाला अनोळखी नव्हता.

आता एन्ट्री होते खऱ्या दावेदाराची. इस्माईलचा बाप, बुऱ्हाण. हा मुर्तजाचा भाऊ. भावाविरुद्ध बंड फसल्यावर पळून अकबर बादशहाकडे जाऊन राहिला होता. बापाचा दावा पोरापेक्षा मोठा, हे उघड होतं. अकबराने त्याला मोगल फौज देऊ केली, पण बुऱ्हाणने नको म्हटलं. मोगल फौज घेऊन आलो तर दख्खनचे लोक बिथरतील, हे त्याला कळत होतं. शेवटी त्याच्या मदतीला धावला खानदेशचा राजा अली खान, बुऱ्हाणपूरवाला. दक्षिणेकडून विजापूरची फौजही निघाली, दिलावर खानाच्या हाताखाली.

जमाल खान लढवय्या होता. आधी दक्षिणेकडे वळून त्याने धाराशिवजवळ विजापूरकरांना हरवलं. त्या लढाईत विजापूरच्या बाजूने फिरिश्ता होता, ज्याच्या इतिहासावरून ही बरीचशी हकीकत आपल्याला कळते. तो जखमी होऊन जमाल खानाच्या हाती सापडला आणि निसटला. नाहीतर आज मी तुम्हाला काय सांगितलं असतं!

मग जमाल खान छोट्या सुलतानाला सोबत घेऊन उत्तरेला आला आणि १५९१ च्या मे महिन्यात रोहिणखेडला लढाई झाली. जुन्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये १५९० छापलंय, पण हिजरी तारीख काढली तर १५९१ येतं. लढाईच्या आधीच जमाल खानाचे बरेच सरदार फुटून बुऱ्हाणकडे गेले होते. ऐन लढाईत जमाल खानाला गोळी लागली, तो पडला आणि फौज पांगली. इस्माईल पकडला गेला. पोराला कैद, बापाला गादी.

आता मुद्द्यावर येतो. या सगळ्यात मतदान झालं होतं का? झालं होतं! मतदार होते सरदार, आणि मत द्यायची पद्धत म्हणजे घोडा एका छावणीतून दुसऱ्या छावणीत नेणं. ज्याच्याकडे जास्त घोडे, तो जिंकला. ज्याच्या वावरात ते घोडे चरले, त्याला कुणी विचारलं नाही. बरं, पुढे काय? १५९५ मध्ये बुऱ्हाण वारला, पुन्हा गादीचे चार दावेदार उभे राहिले. नगरच्या वेढ्यात चांदबिबीने किल्ला लढवला, पण १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावं लागलं. जी मोगल फौज बुऱ्हाणने नाकारली होती, तिच्याच हातात पाच वर्षांत माझं गाव गेलं. पुन्हा, न विचारता.

म्हणून माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: बंदूक असली तरी शिक्का लागतोच. तेव्हा रक्ताचा लागायचा, आज मतपेटीचा लागतो. पण मग फरक काय उरला?

फरक बघायचा तर घाना बघा, गिनीच्या जवळचाच देश. ४ जून १९७९ ला जेरी रॉलिंग्ज यांच्या लोकांनी सत्ता घेतली. दोनच आठवड्यांनी ठरलेली निवडणूक होऊ दिली आणि सप्टेंबरमध्ये निवडून आलेल्या हिला लिमान यांना सत्ता दिली. पण ३१ डिसेंबर १९८१ ला पुन्हा बंड करून ती परत घेतली. १९९२ ला रॉलिंग्ज स्वतः निवडणूक जिंकले, तेव्हा विरोधक घोटाळा म्हणून ओरडले. पण २००० मध्ये दोन मुदतींची मर्यादा आली, त्यांच्या पक्षाचा उमेदवार हरला, आणि जानेवारी २००१ मध्ये कुफूर राष्ट्राध्यक्ष झाले. हरलेला घरी गेला, कैदेत नाही. मला वाटतं बंडानंतरच्या पहिल्या निवडणुकीवरून काहीच कळत नाही. सत्तेतला माणूस हरू शकतो का, हे कळतं ती निवडणूक खरी.

शेवटी एक कबुली. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. बुधवार होता, मी पुण्यात, नाव गावच्या यादीत. रात्रभर बसने जायचा कंटाळा केला. बाबांना फोनवर म्हटलं, माझ्या एका मताने काय होतं? ते म्हणाले, "काही नाही होत, बरोबर हाय तुहं. पण ते मत मागाले त्याले आपल्या दारात या लागते."

तेव्हा मी हसून फोन ठेवला होता. १५९१ मध्ये आमच्या दारात घोडेस्वार आले होते, पण मागायला कुणी आलं नव्हतं. पुढच्या वेळी तिकीट आधीच काढणार. तुमचं नाव कोणत्या गावच्या यादीत आहे, ते एकदा बघून ठेवा. भेटू पुढच्या भागात!