वाळूवरच्या वळ्यांचे कूळ

गोव्यातल्या पेडण्यात केरीच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी अनवाणी चाला. तळपायाला बोटभर जाडीच्या वळ्या लागतात, एकीला खेटून दुसरी. ‘पुळण’ हा शब्द संस्कृत ‘पुलिन’वरून आला. पुळणीचे माहेर मात्र सह्याद्रीत आहे. तिथल्या तिलारी नदीचे पाणी दोडामार्गातून डिचोलीतल्या साळ गावाशी येते, पुढे शापोरा नदी म्हणून मोरजीजवळ समुद्राला मिळते. केरीला वाळू आणून देते ती तेरेखोल नदी.

वळ्या कशा पडतात, याचा छडा हर्था एअर्टन या इंग्रज बाईंनी लावला. विवाहित म्हणून लंडनच्या रॉयल सोसायटीने 1902 मध्ये त्यांना सदस्यत्व नाकारले. तिथेच 1904 मध्ये त्यांनी वळ्यांवरचा निबंध स्वतः वाचला. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री. पाणी हेलकावत ठेवून वाळू कशी हलते, हे त्या तासन्‌तास बघत राहिल्या. मला त्यांच्या या चिकाटीचे फार अप्रूप वाटते.

तळाशी लहानसा उंचवटा असला तरी पुरते. त्यावरून पाणी गेले की पलीकडे भोवरा फिरतो आणि खालची वाळू उकरून माथ्याकडे लोटतो. लाट माघारी फिरली की दुसऱ्या अंगाला तेच घडते. एका वळीच्या भोवऱ्यातून शेजारची वळी जन्मते. म्हणून लाटेने घातलेल्या वळ्या दोन्ही अंगांनी सारख्या असतात. नदीच्या मुखाशी पाणी एकाच दिशेने ओढ घेते, तिथे एक उतार लांबट आणि दुसरा उभा. उभा उतार जिकडे, तिकडे पाणी गेले.

समुद्राखालच्या खोल दऱ्यांतही वळ्यांचा हाच कायदा चालतो. आपल्या अरबी समुद्रात अशी मोठी दरी सिंधूच्या मुखासमोर आहे. अशा दऱ्यांत प्रवाह भरती-ओहोटीबरोबर कधी वर चढतो, कधी खाली उतरतो. एखाद्या वेळी मात्र वाळू-गाळाचा लोंढाच कोसळतो. 1929 मध्ये न्यूफाउंडलंडजवळ भूकंप झाला, तेव्हा समुद्रतळावरच्या तारा एकामागून एक तुटत गेल्या. हे काम अशाच लोंढ्याचे, असे हीझन आणि युइंग या शास्त्रज्ञांनी 1952 मध्ये मांडले.

पावसाळी लाटा पेडण्याची वाळू आत ओढून नेतात आणि पावसाळा सरला की हळूहळू परत आणतात. मोरजीला कासवे अंडी घालतात ती याच वाळूत. नदीतूनच रेती उपसली, तर या येण्याजाण्यात भर पडायची कुठून? साळपासून मोरजीपर्यंतची रेती नदीतच राहू द्या.