थरथरणारा सांधा



माझ्या एका स्नेह्यांनीं आपल्या जुन्या जीपचे कमानपाटे उंच करवून घेतले. सह्याद्रींतील खडकाळ वाटांवर गाडीचें पोट घासूं नये, एवढाच त्यांचा हेतु. गाडी उंच झाली खरी. पण थोडा वेग येतांच तिच्या तळांतून एक घुमारा उठूं लागला. चाकें तोलून पाहिलीं, टायर बदलले, इंजिनाचे आधार आवळले. गुण आला नाहीं. वेगांत असतांना गिअर काढून घेतला तरी थरथर कायमच. म्हणजे दोष इंजिनांत नव्हता. तो कोठें होता हें समजून घेण्यास आपणांस साडेतीनशें वर्षें मागें जावें लागेल.

एका रेषेंत नसलेले दोन दांडे सांध्यानें जोडून एकाचें फिरणें दुसऱ्यास द्यावयाचें, ही युक्ति जुनी आहे. युरोपांत या सांध्यास सोळाव्या शतकांतील इटालियन पंडित कार्दानो याचें नांव चिकटलें आहे. दोन दुबेळकीं तोंडें आणि त्यांस जोडणारा एक क्रूस, एवढीच त्याची रचना. १६६४ सालीं गास्पार शॉट या जर्मन जेसुइट ग्रंथकारानें दोन्ही दांडे सारख्याच गतीनें फिरतात असा निर्वाळा दिला. तो चुकीचा होता.

ही चूक हेरली लंडनच्या रॉयल सोसायटींतील रॉबर्ट हुक यांनीं. पहिला दांडा एकसारखा फिरत असला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यांत दोनदां पुढें धांवतो व दोनदां रेंगाळतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें. दुसऱ्या कोणी असला सांधा टाकून दिला असता. हुक यांनीं त्या दोषांतच गुण पाहिला. छायायंत्राच्या आडव्या तबकडीवर सावली अशीच कमीअधिक गतीनें सरकते, आणि दोहोंचा नियम एकच आहे. तेव्हां हा सांधा सावलीची नक्कल करूं शकतो! १६७६ सालच्या आपल्या सूर्यदर्शक यंत्रांवरील पुस्तकांत त्यांनीं त्यास ‘युनिव्हर्सल जॉइंट’ म्हटलें. पुढें १६८३ सालीं त्यांनीं तोडगाहि सुचविला: मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांस एकेक सांधा बसवावा, म्हणजे पहिल्यानें केलेली चूक दुसरा फेडील.

हें ऋण पुढें मोटारीनेंहि घेतलें. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे विद्यार्थी क्लॅरेन्स स्पायसर यांनीं साखळीऐवजीं सांध्यांचा दांडा योजिला, १९०३ सालीं त्याचें पेटंट घेतलें व १९०४ पासून असे सांधे विकावयास आरंभ केला.

आतां हिशेब पाहूं. दांडा मिनिटास ३००० फेरे घेत असून सांध्याचा कोन ५ अंश असेल, तर पुढील दांड्याची गति २९८९ ते ३०११ यांच्यामध्यें हेलकावे खाते. कोन २० अंश झाला कीं हेच हेलकावे २८१९ ते ३१९३ इतके होतात, आणि तेहि सेकंदास शंभर वेळां! दुसऱ्या सांध्यानें हें ऋण फेडावें यासाठीं दोन अटी आहेत. दोन्ही सांध्यांचे कोन समान हवेत, म्हणजे गिअरपेटीचा दांडा व मागील आंसाचें तोंड समांतर हवें. आणि मधल्या दांड्याचीं दोन्ही दुबेळकीं एका पातळींत हवींत.

स्नेह्यांच्या गाडींत पहिलीच अट मोडली होती. कारागिरानें पाट्यांच्या मागील टोकाचेच शॅकल लांब केले होते. त्यामुळें आंसाचें तोंड वर कललें, पुढला कोन वाढला व मागला घटला. कोनमापकानें हें उघड होतांच पाटा व आंस यांच्यामध्यें योग्य उताराच्या पाचरी घातल्या, दुबेळकीं जुळवून पाहिलीं आणि घुमारा थांबला. तरी एक गोष्ट उरतेच. कोन समान असले तरी ते मोठे असतां मधला दांडा हेलकावतोच, आणि क्रूस लवकर झिजतो. घाट उतरतांना तो तुटून दांडा जमिनीवर आदळला तर काय होईल, हें सांगावयास नको. म्हणून स्नेह्यांनीं उंचीहि थोडी उतरविली.

पुढें समगतीचे सांधे निघाले. १९५९ सालच्या ब्रिटिश मिनीच्या पुढील चाकांस तेच होते. परंतु जेथें जुना सांधा आहे, तेथें हुकचा नियम आहे. यंत्राचा एक भाग बदलणाऱ्यानें त्याच्या शेजाऱ्याची विचारपूस आधीं करावी, हेंच शहाणपणाचें!