एकच देश, तीन आकडे : उच्च शिक्षणाच्या मोजदादीचा इतिहास

या शतकाच्या आरंभी भारतात उच्च शिक्षणातील विद्यार्थ्यांचे १८ ते २३ वयोगटाशी प्रमाण किती होते? शिक्षणसंस्थांकडून मंत्रालयाने जमवलेली आकडेवारी सुमारे ८ टक्के सांगे. राष्ट्रीय नमुना पाहणीत ते सुमारे १० टक्के भरे, तर २००१च्या जनगणनेतून सुमारे १४ टक्के निघे. विशेष म्हणजे, तिन्ही आकडे सरकारचेच होते.

या प्रमाणाला सकल नोंदणी गुणोत्तर म्हणतात. नवी महाविद्यालये किती लागतील, त्यांना निधी किती द्यावा, हे याच आकड्यावरून ठरते. मग एका गुणोत्तराची तीन उत्तरे का यावीत?

कारणाचे मूळ संस्थांच्या रचनेत आहे. १९४४च्या सार्जंट अहवालाच्या शिफारशीनंतर १९४५ मध्ये ब्रिटिश नमुन्यावर एक अनुदान समिती स्थापन झाली. तिच्या कक्षेत अलीगढ, बनारस आणि दिल्ली ही तीनच विद्यापीठे होती. पुढे राधाकृष्णन आयोगाने सबळ यंत्रणेचा आग्रह धरला. २८ डिसेंबर १९५३ रोजी मौलाना आझादांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन केले आणि १९५६ च्या कायद्याने आयोगाला वैधानिक दर्जा मिळाला.

त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिलेले चिंतामणराव देशमुख आयोगाचे अध्यक्ष झाले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष राहिलेल्या या गृहस्थांना आकड्यांचे मोल कोणी शिकवायला नको होते. कायद्याच्या १२व्या कलमात विद्यापीठीय शिक्षणाची माहिती गोळा करणे आणि विद्यापीठांकडून ती मागवणे, हे दोन्ही अधिकार आयोगाला दिलेले आहेत.

तथापि या अधिकाराला धार होती ती अनुदानाची. माहिती न देणाऱ्याचे अनुदान रोखता येई. पण ज्याला आयोगाचे अनुदान मिळतच नव्हते, त्याचे काय? शिवाय शिक्षण हा विषय तेव्हा राज्यांच्या सूचीत होता. केंद्राकडे होते ते उच्च शिक्षणाच्या दर्जाचे समन्वयन. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आले, तरी बहुतेक महाविद्यालयांचा रोजचा संबंध राज्य सरकारशी आणि संलग्न विद्यापीठाशीच राहिला.

त्यात विषयवार वाटणी झाली. वैद्यकीय शिक्षण एका परिषदेकडे, परिचर्या दुसरीकडे, तर तंत्रशिक्षण १९८७च्या कायद्यानंतर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या अखत्यारीत. याच दशकात, १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. विद्यार्थी वाढले, महाविद्यालये वाढली. पण अनुदानच न घेणाऱ्या संस्थेला दिल्लीचा तक्ता वेळेत भरून पाठवण्याची निकड भासण्याचे कारण उरले नाही.

येथे तीन आकड्यांचा उलगडा होतो. मंत्रालयाची आकडेवारी संस्थांनी पाठवलेल्या तक्त्यांवर उभी होती. जी संस्था उत्तर देत नसे, तिचे विद्यार्थी हिशेबातून गळत. जनगणना आणि नमुना पाहणी मात्र संस्थेला विचारत नसत, घरोघर जात. घरातला मुलगा वा मुलगी महाविद्यालयात जाते, हे सांगायला कोणत्याही अनुदानाची गरज नसे.

हा केवळ सांख्यिकीचा वाद नव्हता. अकराव्या पंचवार्षिक योजनेने प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २०१२ पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. जनगणनेचा आकडा मानला, तर देश योजनेआधीच त्या उद्दिष्टाच्या उंबरठ्यावर होता!

अखेर २०१०-११ हे वर्ष धरून अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण सुरू झाले. विद्यापीठे, महाविद्यालये आणि कोणाशीही संलग्न नसलेल्या स्वतंत्र संस्था यांची एकत्र यादी करून त्यांची माहिती ऑनलाइन मागवली गेली. पहिल्याच वर्षी गुणोत्तर निघाले १९.४ टक्के. मधल्या काळातील वाढ खरी होतीच. परंतु या उडीतला काही भाग पूर्वी न मोजलेल्या विद्यार्थ्यांचा होता, असे मानणे भाग आहे. उद्दिष्ट गाठले की मोजपट्टी बदलली, हे नेमके वेगळे काढता येत नाही, आणि नियोजनकारांची खरी पंचाईत हीच.

अंश सुधारला, तरी छेद उरतोच. २०१९-२० साठी आधी २७.१ टक्के जाहीर झाले होते. त्याचा लोकसंख्येचा अंदाज २००१च्या जनगणनेवर आधारलेला होता. २०११च्या जनगणनेवरील अंदाज लावताच त्याच वर्षाचे प्रमाण २५.६ टक्क्यांवर आले. विद्यार्थी तेवढेच, वर्षही तेच. २०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही. त्यामुळे २०२१-२२च्या अहवालातील २८.४ टक्क्यांचा छेदही २०११च्याच जनगणनेवरून बांधलेल्या अंदाजाचा आहे.