बेचाळीस सेकंदांचा शाहीर

हेस्टिंग्जच्या लढाईत, १०६६ साली, नॉर्मन फौजेपुढे तायफेर नावाचा एक गवई घोडा काढून उभा राहिला. रोलांची गाथा गात तो पुढे आला आणि पहिला वार मला करू द्या, असं त्यानं ड्यूक विल्यमकडे मागून घेतलं. हे वास नावाच्या कवीनं शंभरेक वर्षांनी लिहून ठेवलंय. तायफेरनं तलवार हवेत उडवून झेलली, असं आणखी एक-दोघा जुन्या लेखकांनी सांगितलंय. एक इंग्रज त्यानं लोळवला आणि मग स्वतः पडला. लढवय्या बार्ड म्हणजे काय, असं माझ्या खेळाच्या टेबलावर कुणी नव्यानं आलेलं पोर विचारतं तेव्हा मी हाच किस्सा सांगते. त्यावर पोरं हमखास म्हणतात, ‘म्हणजे शाहीरच की!’ थोडंफार खरं आहे. पण अज्ञानदासाचा पोवाडा आहे १६५९ च्या अफझलखानाच्या वधावर, म्हणजे घटना होऊन गेल्यावरचा. तायफेर लढाईच्या आधी गायला, अज्ञानदास नंतर. ऐन हातघाईत, वार चुकवता चुकवता गाणारा माणूस मात्र खेळानं घडवला.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, पात्रं वठवत खेळायचा खेळ १९७४ साली आला, त्यात बार्ड नव्हताच. डग श्वेगमन यानं तो १९७६ च्या फेब्रुवारीत ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या पत्रकातून आणला. नॉर्स स्काल्ड, केल्टिक बार्ड आणि दक्षिण युरोपातला भटका गवई अशी तिघांची त्यानं मोट बांधली. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये खेळाचा एक जनक गॅरी गायगॅक्स यानं त्याला घेतलं, पण थेट परिशिष्टात, आणि वाट अशी काही अवघड करून ठेवली की बस. आधी फायटर व्हा, पाचव्या लेव्हलनंतर पण आठवी गाठायच्या आत ते सोडा. मग चोर व्हा, तेही पाचवी ते नववीच्या दरम्यान सोडा. मग ड्रुइडांच्या हाताखाली शिका. ताकद, शहाणपण, चपळाई, व्यक्तिमत्त्व, सगळं किमान १५. फासे इतके कुणाला पडतात? नावं मात्र अस्सल होती. फोख्लुकनपासून ओलावपर्यंतच्या पायऱ्या आयर्लंडच्या कवींच्या जुन्या दर्जांवरून उचललेल्या. तिकडच्या परंपरेत फोख्लुकनच्या पायरीवरच्या कवीला ३० कथा पाठ लागत आणि वरच्या ओलावला ३५०. खेळात तेवढं पाठांतर नाही म्हणून आपण सुखी.

पुढच्या आवृत्त्यांनी ही वाट सोपी केली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत पहिल्याच लेव्हलला बार्ड होता येऊ लागलं, आणि २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत गाणं हे सोबत्यांना बळ देणारं हत्यार ठरलं: तो गातो, पार्टीतल्या सगळ्यांच्या वाराला +१. चौथी आवृत्ती २००८ ला निघाली तिच्या पहिल्या पुस्तकात बार्ड गायब होता. त्या सुमारास पायझो कंपनीनं तिसऱ्या आवृत्तीच्याच नियमांवर स्वतःचा ‘पाथफाइंडर’ उभारला, २००९ साली.

त्याच्या जगात सारेनरे नावाची सूर्यदेवता आहे. वक्र तलवार हे तिचं शस्त्र, आणि शत्रूला आधी सुधारायची संधी द्यावी, ही तिची शिकवण. तिच्या भक्तांसाठी २०११ मध्ये ‘डॉनफ्लॉवर दरवेश’ हा बार्डचा नवा प्रकार छापून आला. पहिल्या लेव्हलपासून नाचत तलवार चालवायची, मनगटाच्या ताकदीऐवजी चपळाईच्या जोरावर. दरवेश हे नाव सुफींचं. कोन्याचे मेवलेवी दरवेश गरगर फिरतात ते रिकाम्या हातांनी, उजवा तळवा वर, डावा खाली. त्यांच्या हाती तलवार या पुस्तकवाल्यांनी दिली. मला ते जरा खटकतं.

त्याहून खटकते ती दुसरी गोष्ट. या दरवेशाच्या रणनृत्यात बळ दुप्पट मिळतं, पण एकट्या त्यालाच. सोबत्यांना काही नाही. मागे झील धरायला कुणी नाही, समोर ऐकायला कुणी नाही, आणि तरी हा शाहीर! आकडेमोड पाहिली तर कागदावर तो भारी दिसतो, म्हणून पोरं त्याच्यावर तुटून पडतात. पण पहिल्या लेव्हलला, व्यक्तिमत्त्व १६ असेल, तर या नाचाच्या दिवसाला सात फेऱ्या मिळतात. एक फेरी सहा सेकंदांची. म्हणजे सूर्याच्या या भक्ताचं दिवसभराचं नाचणं बेचाळीस सेकंदांत आटोपलं. उरलेला दिवस तो साध्या तलवारबाजाहून किंचित बरा.

ठाण्यातल्या आमच्या रविवारच्या टेबलावर एक मुलगी हाच दरवेश खेळते, हट्टानं. नियम पुस्तकातला आहे, मी नाही म्हणू शकत नाही. पण डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, म्हणून एक घरगुती नियम मी वर जोडलाय. रात्री मुक्काम पडला की तिनं त्या दिवसाची लढाई सगळ्यांना रंगवून सांगायची; पार्टीतल्या निदान दोघांनी झील धरली, तर दुसऱ्या दिवशी तिला दोन फेऱ्या जास्त. परवा गॉब्लिनांशी झालेल्या चकमकीत पार्टीचा दणकट फायटर पहिल्याच वाराला आडवा झाला होता. तिनं तो प्रसंग असा सांगितला की तो फायटर खेळणारा पोरगा स्वतःच ‘जी जी रं जी’ करत बसला. दोन्ही फेऱ्या दिल्या.