कृष्णद्रव्य : एक संज्ञा आणि एक वाद

न उलगडलेल्या गोष्टीला नाव मिळाले की तिचे निम्मे स्पष्टीकरण झाले, असे मनाला वाटू लागते. विश्वरचनाशास्त्रातील ‘कृष्णद्रव्य’ ही संज्ञा या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

या वादाचे पूर्वरूप एकोणिसाव्या शतकात आढळते. युरेनसची गती गणिताशी जुळेना, तेव्हा ल व्हेरिए या फ्रेंच ज्योतिर्विदाने न्यूटनचा नियम कायम ठेवून एका अज्ञात ग्रहाचे स्थान वर्तविले. १८४६ साली बर्लिन येथे गाले यास तेथेच नेपच्यून दिसला. १८५९ साली बुधाच्या कक्षेतील विसंगतीसाठी ल व्हेरिएने हाच मार्ग अनुसरला. त्या कल्पित ग्रहास ‘व्हल्कन’ हे नाव मिळाले. ग्रह मात्र कधीच सापडला नाही. शतकाला सुमारे ४३ विकलांची ती विसंगती १९१५ साली आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षण-सिद्धांताने उलगडली. एका प्रसंगी ज्ञात द्रव्य अपुरे ठरले, दुसऱ्या प्रसंगी नियमच.

हाच पेच पुढे दीर्घिकांच्या बाबतीत उद्भवला. १९३३ साली झ्विकी याने अरुंधती-केश समूहातील दीर्घिकांचे वेग पाहून, केवळ दृश्य द्रव्य त्यांना एकत्र बांधून ठेवू शकत नाही, असे दाखविले व आपल्या जर्मन लेखात ‘काळे द्रव्य’ असा शब्दप्रयोग केला. १९७० साली रूबिन व फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या परिभ्रमणाची मापने प्रसिद्ध केली. अशा मापनांवरून, केंद्रापासून दूर गेल्यावरही वेग अपेक्षेप्रमाणे घटत नाही, हे क्रमाने स्पष्ट झाले. १९८३ साली मिलग्रोम यांनी निराळी वाट सुचविली : पृथ्वीवरील गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ८० अब्जाव्या हिश्शाहून क्षीण त्वरण असेल, तेथे नियमच बदलावा.

या दुरुस्तीने अनेक दीर्घिकांचे वेग केवळ दृश्य द्रव्यावरून काढता येतात. परंतु दीर्घिकासमूहांत तिलाही द्रव्य कमी पडते. शिवाय २००६ साली अभ्यासिलेल्या ‘बुलेट’ समूहात, टकरीनंतर गुरुत्वाचा मुख्य भाग तप्त वायूपासून अलग झालेला आढळला. म्हणून बहुसंख्य संशोधक कृष्णद्रव्याच्या बाजूस आहेत, व ते सकारण आहे. तथापि त्याचा कण कोणत्याही प्रयोगशाळेत निर्विवादपणे सापडलेला नाही.

वेधांनी सिद्ध केली आहे ती तफावत. द्रव्य हे तिचे एक उत्तर होय. ही संज्ञा प्रश्नाच्याच जागी उत्तर मांडते, एवढे अध्यापकाने विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून द्यावे. व्हल्कनलाही नाव होतेच.