कोरांटी : परसबागेतील हिवाळी फुलझाड

कोरांटी : ॲकँथेसी कुलातील बार्लेरिया वंशाच्या झुडपांचे मराठी नाव. खेड तालुक्यातील लोटे आणि परिसरातील परसबागेत हिवाळी फुलांसाठी ही झुडपे सर्वांत भरवशाची आहेत. इथला हिवाळा कडक थंडीचा नसून कोरड्या हवेचा असतो. त्यामुळे थंडी लागणाऱ्या झाडांपेक्षा पावसात वाढून पाऊस सरल्यावर फुलणारी कोरांटी इथे जास्त शोभते.

वर्णन : पिवळी कोरांटी (बार्लेरिया प्रायोनायटिस) साधारण १ ते १.५ मीटर उंच वाढते. पानांच्या बगलेत तीक्ष्ण काटे असल्याने ती कुंपणाला, वईला उपयोगी पडते. बार्लेरिया क्रिस्टाटा ही जाती बिनकाटेरी असून तिला जांभळी, गुलाबी, पांढरी किंवा पट्टेदार फुले येतात. दारापुढे व वाटेकडेला हीच लावावी. दोन्ही जातींची नावे लिनीअसने १७५३ मध्ये प्रसिद्ध केली. वंशाचे नाव सतराव्या शतकातील फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ झाक बार्लिए यांच्यावरून पडले.

लागवड : लोट्याची जमीन जांभ्याची, पाण्याचा निचरा चटकन होतो, पण मातीचा थर उथळ असतो. म्हणून मे महिन्यात सुमारे ४५ सेंमी. लांब, रुंद व खोल खड्डा खणून तो माती, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याने भरावा. जून–जुलैमध्ये पक्क्या फांदीचे १५ ते २० सेंमी. लांबीचे छाट लावल्यास ते सहज मुळे धरतात. कुंपणासाठी दोन रोपांत ४५ सेंमी., एकट्या झुडपासाठी सुमारे १ मी. अंतर ठेवावे. कातळाच्या खोलगट भागात पाणी तुंबून मुळे कुजतात. तिथे गादीवाफा करावा.

निगा : फुले कोवळ्या शेंड्यांवर येतात, त्यामुळे छाटणीची वेळ सर्वांत महत्त्वाची. बहर संपल्यावर फेब्रुवारी–मार्चमध्ये झुडूप निम्मे छाटावे आणि पावसाच्या सुरुवातीला शेंडे खुडावेत. गणपतीच्या सुमारास कुंपण सारखे करण्यासाठी कात्री चालवली, तर त्या हंगामाची फुले हातची जातात. पाऊस थांबल्यावर आळ्यात नारळाची सोडणे पसरावीत; ओल टिकते व पाणी कमी लागते. खताचा मारा केल्यास पाला माजतो.

पिकलेले बोंड तडकून बी दूर उडते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात पिवळी कोरांटी उपद्रवी तण ठरली आहे. भारतात ती मूळची असली, तरी नको तिथे उगवू नये म्हणून बोंडे वेळीच खुडावीत.

उपयोग : फुले देवपूजेत आणि वेणीत वापरतात. पिवळ्या कोरांटीची पाने दातदुखीवर चघळण्याची जुनी रीत आहे. त्यावरूनच तिला वज्रदंती म्हणतात. लेमन पॅन्सी फुलपाखराच्या अळ्या कोरांटीची पाने खातात, म्हणून कुरतडलेल्या पानांवर लगेच औषध फवारू नये.

जोडीची झाडे : भर हिवाळ्यात पांढरा बहर देणारा कुंद उन्हात लावावा, अबोलीला माडाखालची विरळ सावली मानवते. कोरांटीसोबत ही दोन लावल्यास परसात दिवाळीपासून शिमग्याच्या आसपासपर्यंत घरच्या पूजेपुरती फुले मिळत राहतात.